येताना गाडी जड चालते

मधुकर गेला ही बातमी मला पारोळ्याला, नववीचा तास घेत असताना कळली. मुख्याध्यापिका बाई शिपायाला न पाठवता स्वतः दाराशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे लक्षात आलं. धुळ्याहून आमच्या शेजारणीचा फोन होता. सकाळी मी निघाले तेव्हा हा ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता, आणि तसाच, मांडीवर पेपर असताना, गेला होता. मी गाडीकडे निघाले तेव्हा आमच्या शाळेतल्या चौधरी सरांनी किल्ली घेतली आणि मी माझ्याच गाडीत पाहुणीसारखी शेजारच्या सीटवर बसले. मुकटी गेलं, फागणं जवळ आलं, तरी आम्ही दोघं गप्प. शेवटी त्या सज्जन माणसाला ती शांतता सोसेना. "गाडी एकदम हलकी चालते हो मॅडम," ते म्हणाले, "ॲव्हरेज काय देते?" ...वाक्य तोंडातून निसटलं आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांची काही चूक नाही. आपल्याकडे गाडीत काय बोलावं ते सुचलं नाही की माणूस ॲव्हरेज विचारतो. "सतरा," मी म्हटलं, आणि मग जे रडू फुटलं ते धुळ्यात आमचं देवपूर येईपर्यंत थांबलं नाही. चौधरी सरांना वाटलं असेल, बाई नवऱ्यासाठी रडतेय. नवऱ्यासाठीच रडत होते. पण त्या सतरापायी आमच्या घरात काय काय झालं होतं, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

या गोष्टीला महिना उलटून गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं की मधुकर फार सरळ माणूस होता, आयुष्यात कोणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही. ते अगदी खरं आहे. मी मान हलवत राहिले, सरबत देत राहिले. घरात मी त्याला 'अहो' म्हणत असे आणि उभ्या जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. इथे मात्र मधुकर लिहिते आहे, कारण 'अहो' म्हणत लिहायला बसले तर पुन्हा मान हलवणंच होईल, आणि ते मला आता नको आहे.

मधुकर वीज खात्यात होता, चोरी पकडणाऱ्या पथकात. नोकरीचा सगळा काळ त्याने धुळे आणि जळगावच्या गावागावांत काढला. ट्रान्सफॉर्मरमधून वीज किती गेली आणि गावातल्या मीटरांवर किती दिसली, याची वजाबाकी करायची. जी गळती उरेल ती कोणीतरी खाल्ली आहे, असं समजून शोधायला निघायचं. हे त्याचं काम, आणि हळूहळू हाच त्याचा स्वभाव झाला. तारेवर आकडा टाकणारे त्याला लांबूनच ओळखत. एका पिठाच्या गिरणीची गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. गिरणीवाला म्हणाला, साहेब, आज सकाळपासून गिरणी बंद आहे, शपथ घेतो. मधुकरने काही न बोलता आत जाऊन मोटरवर तळहात ठेवला. मोटर गरम होती. "माणूस शपथ घेतो गं, मोटर घेत नाही," असं म्हणून तो मोठ्याने हसायचा, आणि पाहुण्यांबरोबर मीही हसायचे. त्याला खोटं बोलणाऱ्या माणसाची चीड होती, ती मला आवडायची. त्या तळहातावर माझा विश्वास होता, हेही इथेच सांगून टाकते.

गाडी चालवायला मला त्यानेच शिकवलं. माझं धुळे-पारोळा अपडाऊन एस्टीने वीस-बावीस वर्षं चाललं होतं, आणि गुडघे बोलायला लागले होते. पन्नाशीला टेकलेल्या बाईने स्टिअरिंग धरायचं म्हणजे आमच्या दोन्ही घरी चेष्टेचाच विषय होता. मधुकर मात्र हट्टाला पेटला. माझं माहेर जळगावचं. तिथल्या एका मारवाडी कापडवाल्या शेठजींची पांढरी छोटी गाडी भावाच्या ओळखीने मिळाली. घरच्या घरी वापरलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. रोज सकाळी तो मला मैदानावर न्यायचा. इतका शांत शिक्षक मी आमच्या बी.एड. कॉलेजातही पाहिला नाही. मी गाडी बंद पाडली की तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "काही नाही, तिला वाटलं तू आता गाणं म्हणणार, म्हणून थांबली." एकाच बाबतीत तो कडक होता. आमच्या शाळेचं आवार फाटकाकडे उतरतं आणि तिथे पोरं खेळत असतात. म्हणून गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा, आणि पार शेवटच्या खटक्यापर्यंत ओढायचा. "अर्धा ओढलेला ब्रेक म्हणजे नसलेला ब्रेक," हे त्याने माझ्याकडून घोकून घेतलं. स्वतः मात्र तो हँडब्रेकला कधी हात लावत नसे. खात्याच्या जीपचा हँडब्रेक म्हणे वर्षानुवर्षं चालतच नव्हता, त्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून उतरायचं आणि उतार असला तर चाकाला दगड लावायचा, ही त्याची सवय पडलेली. घरी पोर्चमध्ये गाडी पायरीला टेकून उभी राहायची, तिथे कोणालाच ब्रेकची गरज नव्हती.

पहिलं वर्ष आनंदात गेलं. गाडी सतराचं ॲव्हरेज द्यायची आणि मधुकर ते अशा थाटात सांगायचा, जणू दहावीला पोरगी बोर्डात आली आहे. दर वेळी टाकी तोंडापर्यंत भरायची, मीटर शून्यावर आणायचं, पुन्हा टाकी भरली की भागाकार करायचा. कागद लागत नसे, पंपावरच तोंडी हिशेब. मग एका उन्हाळ्यात सतराचे पंधरा झाले, आणि पुढच्या टाकीला तेराच्या खाली आले. मधुकरच्या चेहऱ्यावर मी तो जुना, छाप्याला निघायच्या आधीचा भाव पाहिला. मला गंमत वाटली. निवृत्तीनंतर त्याला काम मिळालं, असं मी मुलीला फोनवर सांगितल्याचंही आठवतं.

त्याने काम अगदी शिस्तीने केलं, तेही सांगितलं पाहिजे. आधी चाकांतली हवा तपासली, मग एअर फिल्टर काढून अंगणात आपटला तर ओंजळभर धूळ निघाली. आपल्या खानदेशातल्या धुळीपुढे कुठला फिल्टर टिकणार! नवा बसवला. फरक पडला नाही. प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, एसीचा गॅस तपासला. टाकी गळते का हे बघायला गाडीखाली जुने पेपर अंथरून ठेवले आणि सकाळी उकिडवं बसून ते हुंगले. पेट्रोल पंप बदलून पाहिले. एक वेळी एकच गोष्ट बदलायची, मग टाकी संपेपर्यंत थांबायचं. मी विज्ञान शिकवते, मला ती पद्धत पसंत होती. आणि त्या सगळ्या खटपटीत मी त्याला एकदा सोडून चारदा म्हटलं होतं, "अहो, जाताना काही नाही, पण येताना गाडी जड चालते. एक्सलेटर दाबला तरी मनासारखी पळत नाही." तो म्हणाला, "दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो. समोरून येतो." पुन्हा सांगितलं तर म्हणाला, "येताना तू दमलेली असतेस." इतकी फिल्टरं, इतके प्लग त्याने बदलले, पण रोज ती गाडी चालवणाऱ्या बाईचं एक वाक्य त्याला तपासून पाहावंसं वाटलं नाही.

मग एका रविवारी तो एकटाच साक्रीपर्यंत जाऊन आला. गाडीने सतराला थोडं वरच दिलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेला, पुन्हा तेच. आनंदाने सांगेल असं वाटलं, पण तसं झालं नाही. जेवताना भाताचा घास हातात धरून म्हणाला, "मी नेली की सतरा. तू नेलीस की तेरा. गाडी तीच, पेट्रोल तेच. मग बदलतं काय?" मी म्हटलं, माझे गिअर चुकत असतील. तो म्हणाला, "गिअर मी शिकवलेत." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "गाडी कुठे उभी राहते का? एसी चालू ठेवून?"

मला प्रश्न कळलाच नाही. मी सरळ मनाने उत्तर दिलं, की रेल्वे फाटकाशी थांबावं लागतं कधीकधी. तो "बरं" म्हणाला. हात धुताना, नळाखाली हात तसाच धरून उभी असताना, मला तो प्रश्न कळला. पेट्रोल जळतंय आणि किलोमीटर वाढत नाहीत, म्हणजे गाडी चालू स्थितीत कुठेतरी उभी असते. काचा लावून, आत गार करून. आणि आत माणूस एकटं कशाला बसेल... एवढी वजाबाकी त्याने मनातल्या मनात पूर्ण केली होती, आणि उरलेली गळती माझ्या नावावर टाकली होती. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, गुडघ्याला पट्टा बांधणारी मी! आज लिहिताना हसू येतं. त्या दिवशी मी नळ तसाच वाहता सोडून आत गेले होते.

तो भांडला असता तर मी भांडले असते. पण चोरी पकडणारा माणूस आधी आवाज करत नाही. एप्रिलात एका दुपारी, मधल्या सुट्टीत, आमच्या शिपायाने येऊन सांगितलं की साहेब आलेत, पण आत यायला तयार नाहीत. मी व्हरांड्यात गेले. मधुकर एस्टीने आला होता. डोक्याला रुमाल बांधून, भर उन्हात, तो माझ्या गाडीसमोर उभा होता आणि त्याने बॉनेटवर तळहात ठेवला होता. गिरणीच्या मोटरवर ठेवायचा तसाच. पारोळ्यातल्या एप्रिलच्या उन्हात सकाळपासून उभी असलेली गाडी! त्या बॉनेटवर भाकरी भाजली असती. माझ्यामागे स्टाफरूमच्या खिडकीत सगळे उभे होते, आणि साहेब काय तपासताहेत हे एकानेही मला विचारलं नाही. न विचारण्यातच सगळं आलं. मधुकरने हात उचलला, पँटला पुसला आणि म्हणाला, "इकडून चाललो होतो." मी म्हटलं, "पाणी तरी प्या." तो पाणी प्यायला. मग माझी शाळा सुटेपर्यंत तो स्टाफरूममध्ये बसून राहिला, मी माझे तास घेतले, आणि सुटल्यावर तो आला तसा एस्टीनेच परत गेला.

दुसऱ्या दिवशी किल्ली खिळ्यावर नव्हती. त्याने मागितली नाही, मीही विचारली नाही. मी पुन्हा एस्टीने जायला लागले. उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत आणि सुट्टी संपल्यावरही. गाडी पोर्चमध्ये उभी, आणि मी सकाळी डबा घेऊन स्टँडवर. शाळेत सांगितलं, गाडी कामाला दिली आहे. लोकांनी मान हलवली. आणि त्याच दिवसांत एकदा मी कपडे वाळत घालून घरात येत होते, तर हा फोनवर बोलत होता. पिंपळनेरला याची मोठी बहीण असते, अक्का. आईच्या माघारी तिनेच याला वाढवलेलं. बहिणीशी तो कायम अहिराणीत बोलायचा, आणि त्या बोलीत त्याचा आवाज लहान मुलासारखा मऊ व्हायचा. त्याच मऊ आवाजात तो सांगत होता, "अक्का, मीटर खोटं बोलत नही. पेट्रोल जास, गाडी चालत नही. मंग ती उभी कोठे ऱ्हास, तूच सांग." ...मी ओला टॉवेल हातात घेऊन दाराआड उभी राहिले. त्याने माझ्यावर संशय घेतला हे एकवेळ मी गिळलं असतं, आमच्या दोघांतलं म्हणून. पण तो त्याने घराबाहेर नेला, आणि तोही अशा ठिकाणी जिथून माझं नाव परत आणणं माझ्या हातात नव्हतं. पुढे अक्का आल्या तेव्हा त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला, पण नेहमीसारखी माझी वेणी बघितली नाही, शाळेचं काही विचारलं नाही. जाताना मी वाकून नमस्कार केला तर पाठीवर हात आला नाही.

शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "तुम्ही गाडीचा एकेक भाग बदलून पाहिलात. माझा दिवस तपासलात का? सोमवारी माझ्याबरोबर चला. मी जशी रोज जाते तशी जाईन, जिथे लावते तिथे लावीन, जशी येते तशी येईन. तुम्ही शेजारी बसा. एक शब्द बोलायचा नाही." पथकातला माणूस होता, चाचणीला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो आला. दिवसभर शाळेच्या ग्रंथालयात जुने दिवाळी अंक चाळत बसला. संध्याकाळी निघालो. मुकटीपर्यंत त्याची बोटं गुडघ्यावर वाजत होती, मग ती थांबली. मान थोडी कलती करून तो ऐकत होता, हुंगत होता. "जड चालतेय," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. फागण्याला म्हणाला, "चहा घेऊ." गाडी थांबली तसा तो उतरला आणि चहाच्या टपरीकडे न जाता मागच्या चाकाशी जाऊन वाकला. चाकाच्या आतल्या भागाला त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला. मलाही वास आला, ब्रेकचे लायनर जळाल्याचा, करपलेला.

"हँडब्रेक किती ओढतेस?" त्याने विचारलं.

"शेवटच्या खटक्यापर्यंत. तुम्ही सांगितलंत तसा."

तो तिथेच उकिडवा बसून राहिला. पोळलेली बोटं त्याने तोंडाशी धरली होती. शाळेच्या उतारावर मी ब्रेक पार वर ओढायचे, दिवसभर तो तसाच ताणलेला. दांडा खाली केला तरी आतली गंजलेली केबल पूर्ण सुटायची नाही, आणि लायनर चाकाला चिकटून राहायचे. मी धुळ्यापर्यंत अर्धवट ब्रेक लागलेली गाडी ओढत न्यायचे. रस्त्याच्या धक्क्यांनी आणि रात्रभर गार होऊन केबल सुटायची, सकाळी गाडी पुन्हा मोकळी. आणि हा स्वतः कधी ब्रेक ओढतच नव्हता, म्हणून याच्या हातात सतरा. त्याचा नियम त्याने पाळला नाही, मी पाळला. त्याची शिक्षा म्हणून इतके दिवस मी एस्टीत उभी राहून जात होते. एवढं सगळं त्या टपरीसमोर, चहा न पिताच, आम्हा दोघांना एकदम कळलं. मी वाट पाहिली. खरंच सांगते, त्या क्षणी त्याने नुसतं "शैला" म्हटलं असतं तरी मी सगळं सोडून दिलं असतं. तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "केबल बदलावी लागेल."

केबल बदलली, लायनर बदलले. पुढच्या टाकीला सतरा आले. किल्ली पुन्हा खिळ्यावर दिसायला लागली. गॅरेजवाल्याला, शेजाऱ्यांना, मुलीला तो सांगत राहिला की केबलचा दोष होता, केबलचा दोष होता. एकदा धीर करून मी म्हटलं, "अक्कांना एक फोन करा. त्यांना जे सांगितलं होतंत, ते चूक होतं एवढं सांगा." त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. म्हणाला, "गाडी नीट झाली ना? मग विषय संपला." पुढची दोन वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एकमेकांच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, मुलीचं बाळंतपण केलं. पण माझ्या मनात त्याच्याबद्दल एक कडू गाठ बसली ती बसलीच. मी त्याला भित्रा समजत राहिले. गिरणीवाल्याला त्याच्याच गिरणीत खोटं पाडणारा हा माणूस स्वतःची चूक बहिणीपुढे कबूल करू शकत नाही, असं मनात म्हणत मी रोज त्याला भाकरी वाढली.

तेराव्याला अक्का आमच्याकडेच होत्या. बायका भोवती बसल्या होत्या आणि मी आतून पाणी घेऊन येत होते. अक्का पदर डोळ्याला लावून शेजारणीला सांगत होत्या, "मन्हा भाऊनी बठ्ठं पोटमा ठेवं वो बाई. कोनंच नाव लिधं नही." सगळं पोटात ठेवलं म्हणजे माझंच, हे ओळखून शेजारणीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. भाऊ गेला तरी माझ्यावरचा आळ त्या घरात अजून जिवंत होता, आणि आता तो खोडणारा माणूसच उरला नव्हता. मी ठरवलं, अक्कांना गावी मीच सोडायचं.

साक्री गेलं तरी माझं तोंड उघडेना. म्हातारी खिडकीबाहेर बघत भावाच्या आठवणी काढत होती, लहानपणी तो कसा विहिरीवर पळून जायचा ते सांगत होती, आणि मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. पिंपळनेरला अक्कांचं घर पांझरा नदीच्या अंगाला, चांगल्या उतारावर आहे. तिथे गाडी लावल्यावर मी डिकी उघडली आणि त्यांच्या पिशवीमागे पडलेला एक लाकडी ठोकळा काढून मागच्या चाकाला लावला. केबल बदलली त्याच आठवड्यात मधुकरने तो जुन्या चौकटीच्या लाकडातून कापला होता, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि काही न बोलता डिकीत ठेवून दिला होता. त्याच्या दगडाची ती सुधारलेली आवृत्ती, मला हँडब्रेक पार ओढायची गरज पडू नये म्हणून. मला इतका राग होता की मी त्याला आजवर हात लावला नव्हता. शब्दाऐवजी लाकूड देतो, म्हणून. अक्कांनी विचारलं, "हाऊ कसाले?" आणि मग तिथेच, उतारावर उभ्या उभ्या, मी सगळं सांगितलं. बॉनेट, किल्ली, तो फोन, फागण्याचं चाक. मधे एकदा माझा आवाज चढला, समोरच्या ओट्यावरची बाई आत गेली.

अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे म्हणाल्या, "माले माहित शे."

"काय माहीत आहे?"

"मधुनी माले सांगं व्हतं. हाईच सांगाले मुद्दाम उना व्हता आठे, एकलाच. 'अक्का, चूक मन्ही शे, शैलानी नही. तिले मीच तसं शिकाडं व्हतं,' असं बोलना. डोयामा पानी व्हतं त्याना."

केबल बदलल्यानंतर एकदा तो चुलतभावाच्या शेतीच्या कामाला म्हणून पिंपळनेरला गेला होता, हे मला आठवलं. म्हणजे गेला होता. एस्टीत बसून, जे मी मागितलं होतं तेच करायला गेला होता... "मग अक्का," मी कसंबसं म्हटलं, "मग तरी तुम्ही त्या दिवशी बायकांत तसं का बोललात?"

अक्कांनी माझ्या दंडावर हात ठेवला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "मी वयखी लिधं ना. तो तुले झाकी राहिना व्हता. मन्हा भाऊ इतला भला, बायकोनी अब्रू ऱ्हावाले सोतावर घी लिधं त्यानी."

म्हणजे माझी अब्रू राखायला त्याने चूक खोटीच स्वतःवर घेतली, असं अक्कांनी ओळखून घेतलं होतं. मी विज्ञान शिकवते, केबल कशी अडकते ते आकृती काढून दाखवू शकते. पण अक्कांना केबल ऐकायचीच नव्हती. भावाने संशय घेतला तेव्हा तो खरा होता, आणि भावाने माफी मागितली तेव्हा तो थोर होता. दोन्हीकडून मी तिथेच. मला अक्कांचा राग आला नाही. राग आला तो मधुकरचा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मनातल्या मनात 'तू' म्हटलं. पिंपळनेरपर्यंत गेलास, बहिणीपुढे रडलास, आणि ओट्यावरून उठून स्वयंपाकघरापर्यंत येता आलं नाही तुला? तू जे केलंस ते मला सांगितलं असतंस, तर दोन वर्षं मी तुला भित्रा समजून भाकरी वाढली नसती. एवढं सांगायला काय गेलं होतं तुझं? आता तू शहाणा निघालास हे मला कळून काय उपयोग, आणि ते मी कोणाला सांगू?

निघताना मी चाकाखालचा ठोकळा काढला. अक्का त्याच्याकडे बघत होत्या. "हाऊ माले देशी का?" त्या म्हणाल्या. "मधुना हातना शे. देवघरमा ठेवसू."

क्षणभर वाटलं, द्यावा. म्हातारी आहे, भाऊ गेला आहे. मग डोळ्यांपुढे त्यांचं देवघर आलं, आणि तिथे हळदीकुंकू लागलेला हा ठोकळा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली जाणारी भावाच्या मोठ्या मनाची गोष्ट. त्याच्या हातची माझ्याकडे असलेली ही एकच कबुली. तीही तिकडे गेली असती तर पुन्हा माझ्याविरुद्धच उभी राहिली असती.

"नाही अक्का," मी म्हटलं. "त्यांची शाल न्या, घड्याळ न्या, फोटो न्या, काय हवं ते न्या. हा मी देणार नाही. हा त्यांनी माझ्यासाठी केला आहे."

अक्कांचा चेहरा उतरला, पण मी थांबले नाही. ठोकळा डिकीत टाकायला हात उचलला आणि टाकवला नाही. पुढचं दार उघडून तो शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी हळूच उतारावरून खाली घेतली. तो अजून तिथेच आहे. चौधरी सर कधी धुळ्यापर्यंत बरोबर येतात, तेव्हा त्यांना मी मागे बसायला सांगते.